बिनपरवाना हाक

"इंग्रजीत लिवा आप्पा, पन माफी मागू नका. मी कुनाचां घोडां मारलेलां नाय."

राही भाटकर माझ्या टेबलासमोर पहिल्यांदा बसली आणि तिनं बोलायला सुरुवात केली ती अशी. साल एकोणीसशे त्र्याऐंशी, दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झालेले. रत्नागिरीच्या कोर्टासमोर तेव्हा माझी टंकलेखनाची टपरी होती. दोन यंत्रं, एक मराठी आणि एक इंग्रजी. समोर बसणारा प्रत्येक जण कशाची तरी विनवणी करायला आलेला असायचा. त्यामुळे मला अशी सवय जडली होती की अर्ज कसलाही असो, तळाला 'कृपाभिलाषी' हा शब्द बोटं आपोआप मारून मोकळी व्हायची.

ही बाई पस्तिशीची, सावळी, अंगानं काटक. केसात अबोलीचा वळेसर. मिऱ्याच्या डोंगरउतारावर तिचं घर. नवरा विठू भाटकर तांडेल, म्हणजे स्वतःच्या लाँचचा कप्तान. चार खलाशी घेऊन तो मासेमारीला जायचा. ती चौथी शिकलेली होती, पण अर्ज दिल्लीला जायचा होता, म्हणून माझ्याकडे आली.

"कसला अर्ज?" मी विचारलं.

"परवान्याचा. माझ्याकडं बोलायचां यंत्र हाय. बिनतारी. एक घरात, एक लाँचीवर. जपानचां हाय."

मी कोर्टासमोर वीस वर्षं काढलेली. परदेशी बिनतारी यंत्र बिनपरवाना बाळगणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. मी आवाज खाली आणून म्हटलं, "अहो बाई, अर्ज केलात तर तुमच्याकडे यंत्र आहे हे त्यांना कळेल."

"कळू दे की. चोरी करीत असते तर अर्ज केला असता काय?"

मी कागद चढवला.

तिनं मग कारण सांगितलं. आदल्या वर्षी विठूच्या लाँचीचं इंजीन भर समुद्रात बंद पडलं. नांगर लागेना इतकं पाणी खोल. प्रवाहानं लाँच दक्षिणेला ओढत नेली. किनाऱ्यावर कुणाला काही पत्ता नाही. पहिल्या दिवशी माणसं म्हणाली, येतील. दुसऱ्या दिवशी बंदरावरची माणसं तिच्याशी बोलायची थांबली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बायका घरात येऊन बसल्या आणि तिच्या बांगड्यांकडे बघायला लागल्या.

"मी सांगितलां त्यांना," राही म्हणाली, "मढां दाखवा, मग फोडतंय. तोवर उठा आनि आपापल्या घरी जावा."

पाचव्या दिवशी देवगडहून ट्रकमध्ये बसून पाचही माणसं परत आली. तिकडच्या एका मचव्यानं त्यांना ओढून बंदरात नेलं होतं. विठूचे ओठ फाटले होते, एक खलाशी महिनाभर अंथरुणावर होता. पण नंतर हिशोब लावल्यावर राहीच्या लक्षात आलं, की इंजीन बंद पडलं तेव्हा लाँच मिऱ्याच्या डोंगरापासून जेमतेम सात मैलांवर होती. सात मैलांवर माणूस हाका मारतोय आणि आपण घरात भात शिजवतोय. ही गोष्ट तिच्या मनातून जाईना.

तिचा भाऊ धोंडू आगबोटीवर होता. पुढच्या फेरीला त्यानं कुठल्याशा बंदरातून ही जोडी आणली. वीतभर लांबीचा डबा, त्याला ओढून लांब करायची काडी. राहीनं घरातल्या यंत्राला तांब्याची तार जोडली आणि ती मागच्या माडाच्या शेंड्यापर्यंत नेली. विठूचा आवाज डोंगरावर ऐकू आला त्या दिवशी तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे पोस्टात गेली. रेडिओचा परवाना तेव्हा पोस्टात मिळायचा. पोस्टमास्तर म्हणाले, ऐकायच्या यंत्राचा परवाना आमच्याकडे. बोलायच्या यंत्राचा दिल्लीला. तिथून ती थेट माझ्याकडे.

अर्ज टंकून मी वाचून दाखवला. तळाला आल्यावर तिनं विचारलं, "ह्यां शेवटचां काय?"

"कृपाभिलाषी. म्हणजे आपल्या कृपेची इच्छा करणारी."

"ता काढा. मला परवाना पायजे, कृपा नको."

मी ते खोडलं.

त्या अर्जाला उत्तर आलं नाही. तीन महिन्यांनी स्मरणपत्र, सहा महिन्यांनी दुसरं. पावत्या ती एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायची. उत्तराची वाट बघत यंत्र बंद ठेवावं, असं मात्र तिला कधी वाटलं नाही. सकाळी सात आणि दुपारी तीन, या दोन वेळा ठरलेल्या. आकाशवाणीवरचं हवामान ती ऐकायची, भगवती बंदरावर धोक्याचा बावटा चढलाय का ते अंगणातून बघायची आणि विठूला सांगायची. विठू सांगायचा मासळी किती मिळाली. हौसा नावाची तिची मैत्रीण मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी घ्यायची. तिच्याकडून कळलेला भाव राही पुढं कळवायची. आसपासच्या लाँचीही विठूकडून निरोप द्यायला लागल्या. एका लाँचीचा पाण्यातला पंखा जाळ्यात गुंतला, तेव्हा राहीनं डोंगर उतरून जेटीवर धावत जाऊन दुसरी लाँच धाडली. असं सगळं ती शाळेच्या वहीत लिहून ठेवायची. तारीख, वेळ, वारा, कोण काय म्हणालं.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत कस्टमचे लोक आले.

त्या काळात आमच्या किनाऱ्यावर सोनं-चांदी उतरायचं हे काही गुपित नव्हतं. कस्टमची गस्ती बोट रात्रंदिवस फिरायची, आणि तिच्यावरच्या यंत्रात एका बाईचा आवाज सापडला. रोज दोन वेळा, ठरल्या वेळी. त्यांनी महिनाभर ऐकून टिपून घेतलं. मग एका सकाळी जीप डोंगराच्या पायथ्याशी उभी करून पाच माणसं जांभ्याच्या पायऱ्या चढून राहीच्या अंगणात आली.

साहेब नागपूरकडचे होते, वर्षभरापूर्वी बदली होऊन आलेले. माणूस सभ्य. चपला बाहेर काढून ओटीवर आले. यंत्र शोधावं लागलंच नाही, देवळीत उघडं ठेवलेलं होतं.

"हे कुणाचं?"

"माझां."

"बाई, नीट विचार करून सांगा. हे आणलं कुणी?"

राहीला ठाऊक होतं की धोंडूचं नाव घेतलं तर त्याचं बोटीवर चढायचं पुस्तक जप्त होईल आणि सहा माणसांचं घर बसेल. विठू तेव्हा समुद्रावर होता. त्याचं नाव घेतलं असतं तर लाँच गेली असती.

"यंत्र माझां हाय," ती म्हणाली. "मी वापरतंय. कुनी आणलां ता मी सांगनार नाय. लिवून घ्या तसां."

साहेबांनी यंत्र घेतलं, तार कापली, वही घेतली. दुपारी लाँच धक्क्याला लागताच दुसरं यंत्रही जप्त झालं. राहीनं तेही आपलंच म्हणून लिहून दिलं. बिनतारी यंत्रांच्या कायद्याखाली राहीवर खटला भरला गेला. कायदा एकोणीसशे तेहतीस सालचा, इंग्रजांनी केलेला.

यानंतर तीन आठवड्यांनी दिल्लीचं उत्तर आलं. अर्ज केल्यापासून चौदा महिन्यांनी. ती तो लिफाफा घेऊन माझ्याकडे आली आणि मी मराठीत सांगितलं: किनारपट्टीच्या सुरक्षेच्या दृष्टीनं खाजगी व्यक्तीला परदेशी प्रेषण यंत्र वापरू देता येत नाही, शिवाय देशात अशी यंत्रं तयार होत असल्यानं परदेशी यंत्राला परवाना देण्याचं धोरण नाही, अर्ज नामंजूर.

"देशात तयार होतात?" तिनं विचारलं. "कुठं मिळतात ता लिवलांय?"

"नाही."

"मग विचारा त्यांना."

मी विचारलं. म्हणजे टंकलं. उत्तरेकडच्या एका कारखान्याचा पत्ता आला. त्या कारखान्याला पत्र टाकलं, तर त्यांनी कळवलं की सध्या सगळा माल सरकारी खात्यांसाठी राखून ठेवलाय, मच्छीमारांनी आपापल्या खात्यामार्फत मागणी करावी. खात्यात गेलो, तर तिथले बाबू म्हणाले की परवाना असल्याशिवाय मागणी नोंदवता येत नाही. राहीनं हे सगळे कागद एकावर एक ठेवले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आप्पा, ह्यांच्यापेक्षा आमचा दर्या सरळ."

पटवर्धन वकिलांनी तिचं वकीलपत्र घेतलं होतं. अनुभवी माणूस. त्यांनी तिला समजावलं, "राहीबाई, यंत्र सापडलं, परवाना नाही. गुन्हा तिथेच सिद्ध होतो. कबूल करा. बाईमाणूस, पहिलीच वेळ, न्यायाधीश थोडक्यात सोडतील. अर्ध्या तासाचं काम."

"आनि कोर्टाच्या वहीत काय लिवतील? राही भाटकर गुन्हेगार. नाय वकीलसायेब. मला इचारू दे त्यांना. मी अर्ज केला तेव्हा चौदा म्हयने ते काय करीत होते?"

"कोर्टात आपण विचारत नाही, कोर्ट आपल्याला विचारतं."

"मग मला इचारल्यावर सांगतंय."

खटला दोन वर्षं चालला. तारखेला ती डोंगर उतरून चालत यायची, पुकारा होईपर्यंत माझ्या टपरीत बसायची. समोरच्या हॉटेलात कस्टमचे साहेबही चहाला यायचे. एकदा ते चहाचा पेला घेऊन आपणहून टपरीत आले. मला वाटलं आता काहीतरी वाजणार. पण त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले.

"बाई, तुम्ही चोर नाही हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," ते म्हणाले. "पण कायदा तुमच्या एकटीसाठी नसतो. पासष्टच्या लढाईत शत्रूची जहाजं द्वारकेपर्यंत आली होती. उद्या या किनाऱ्यावर प्रत्येक घरात बोलायचं यंत्र असलं तर कोण नवऱ्याशी बोलतंय आणि कोण परक्या जहाजाशी, हे आम्ही ओळखायचं कसं?"

"तुमी ओळखलांत की. म्हयनाभर ऐकलांत."

साहेब जरा हसले. "आणि दुसरी गोष्ट. असली यंत्रं बाहेरून येत राहिली तर आपले कारखाने उभे कधी राहणार? परदेशी चलन काय झाडाला लागतं? सरकारला हेही बघावं लागतं."

राही त्यांचं नीट ऐकत होती. मग म्हणाली, "सायेब, पेपर मीसुद्धा वाचतंय. मुंबईत टेलिफोनचां नवां एक्स्चेंज बसवलां, ता फ्रान्सचां हाय. ता चालता?"

"ते सरकारनं करार करून आणलं. नुसतं यंत्र नाही, बनवायची विद्याही घेतली. उद्या ते इथं बनेल. तुमच्या भावानं किंवा ज्यानं कुणी आणलं असेल त्यानं, विद्या आणली का?"

"भावाचां नाव मी घेतलेलां नाय," राही ताडकन म्हणाली. "आनि विद्या आना की. कारखाने काढा. मी कुठं नको म्हंतंय? देश माझासुद्धा हाय. पन तुमचा कारखाना उभा राहीपर्यंत माझ्या मानसानं दर्यात कुनाला हाक मारायची, तेवढां सांगा."

साहेबांनी चहाचा पेला खाली ठेवला. "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही," असं म्हणून ते उठले. खोटं बोलले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन.

साक्षी सुरू झाल्या तेव्हा कस्टमची टिपणवही कोर्टात वाचली गेली. सरकारी वकील एकेक ओळ वाचत होते आणि कोर्ट गच्च भरलेलं होतं. अर्धा मिरकरवाडा आला होता, हौसा टोपली बाहेर ठेवून पहिल्या बाकावर बसली होती.

"बारा डिसेंबर, दुपारी तीन," वकिलांनी वाचलं. "पुरुषाचा आवाज: 'आज आपली चांदी झाली.' बाईचा आवाज: 'हळू बोला, सगळे ऐकतात.' आरोपी बाई, ही चांदी कुठे उतरली?"

"टोपलीत."

"म्हणजे?"

"पापलेट मिळालां हो! चार टोपल्या. चांदी झाली म्हंजे फायदा झाला. तुमच्या घरात बोलत नाय काय असां?"

लोक हसले. न्यायाधीशांनी टेबल वाजवलं.

"मग 'हळू बोला' कशासाठी?"

"बाकीच्या लाँची ऐकल्या तर सगळ्या तिथंच येतील ना जाळी टाकायला!"

पुन्हा हशा. सरकारी वकिलांचे कान लाल झाले. त्यांनी पान उलटलं. "या टिपणात 'अवो' नावाचा एक इसम वारंवार येतो. 'अवो, ऐकताव काय?' 'अवो, परत फिरा.' हा अवो कोण? त्याचा शोध अजून लागलेला नाही."

राहीनं मान खाली घातली. पहिल्यांदाच. मागच्या बाकावर विठू बसला होता, तोही जमिनीकडे बघायला लागला. पटवर्धन वकील उभे राहिले आणि म्हणाले, "महाराज, आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत."

न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. ते लिहायचे थांबले, आणि त्यांचे खांदे हलताना मी दारातून बघितले.

राहीची वहीही वाचली गेली. सव्वा वर्षाच्या नोंदी. वारा, बावटा, बांगडा, इंजिनाचा आवाज बरोबर येत नाही, खलाशी रामाला ताप आहे, पाणी पाठवा. त्यात तस्करीचं एक अक्षर नव्हतं. चोरट्या मालाचा संशय तिथंच गळून पडला. उरला बिनपरवान्याचा आरोप.

त्याच सुमाराला, शहाऐंशीच्या अखेरीला, एक वेगळीच गोष्ट घडली. मच्छीमारांना दाखवण्यासाठी एक देशी बिनतारी यंत्र जेटीवर आणण्यात आलं. मोठा मांडव, हार, भाषण. 'संपूर्ण भारतीय बनावटीचं' असं माहिती देणारे इसम दोनदा म्हणाले. यंत्र सुरू केलं आणि फट्‌ आवाज होऊन बंद पडलं. फ्यूज उडाला होता. त्यांच्याच मेकॅनिकनं चार स्क्रू काढून झाकण उघडलं. राही सगळ्यात पुढे उभी होती. तिनं वाकून आत बघितलं आणि तिथंच मोठ्यानं म्हणाली, "ह्याच्या पोटात जपानी लिवलांय!"

मेकॅनिक गोंधळला. तो खरं बोलला बिचारा. "सुटे भाग तिकडचेच आहेत बाई. पत्रा आणि जुळणी आपली."

"म्हंजे माझां तुकडं करून आनलां असतां तर चाललां असतां!"

दुसऱ्या दिवशी ती तडक माझ्याकडे आली. तेवढी रागावलेली मी तिला नंतर कधी पाहिली नाही. ते यंत्र कोर्टात हजर करावं असा अर्ज तिनं माझ्याकडून लिहून घेतला. पटवर्धन वकील नको म्हणत होते. न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला. त्या यंत्राचा या खटल्याशी संबंध नाही, असं म्हणाले. कायद्यानं त्यांचं बरोबर होतं. पण आरोपीचा शेवटचा जबाब घेताना विचारावंच लागतं: तुम्हाला काही सांगायचं आहे का?

राही उभी राहिली. कठड्याला हात न लावता.

"सांगायचां हाय. यंत्र माझ्याकडं होतां. परवाना नव्हता. ह्यां खरां. पन मी परवाना मागितला होता आनि सरकारनं चौदा म्हयने तोंड उघडलां नाय. दर्यात बंद पडलेली लाँच चौदा म्हयने थांबत नाय. सरकारला शत्रूची भीती हाय, मला मान्य. परदेशी माल नको, ता पन मान्य. पन मग सरकारनं आपलां यंत्र द्यायला पायजे होतां. ता दिलां नाय आनि माझां काढून घेतलां. मी गुन्हा केला असां तुमी लिवा, तुमचां काम हाय. मी कबूल करनार नाय."

न्यायाधीशांनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं.

निकाल सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये लागला. तस्करीशी संबंध सिद्ध झाला नाही. परवान्याविना यंत्र बाळगल्याचा गुन्हा सिद्ध झाला. दोन्ही यंत्रं सरकारजमा. दंड दोनशे रुपये, न भरल्यास दोन दिवस साधी कैद. निकालपत्रात न्यायाधीशांनी एक परिच्छेद जास्तीचा लिहिला: आरोपीनं वेळेत आणि उघडपणे अर्ज केला होता, त्यावर चौदा महिने निर्णय न होणं योग्य नाही, मच्छीमारांच्या जिवाशी संबंध असलेल्या अशा अर्जांचा संबंधितांनी तातडीनं विचार करावा.

पटवर्धन वकिलांनी खिशात हात घातला. राहीनं तो वरच्या वर धरला.

"कुनी भरायचां नाय. दंड भरला म्हंजे चूक कबूल केली."

"अहो, जेल आहे!" मी म्हणालो. "लोक काय म्हणतील?"

"लोक माझ्या बांगड्या बघायला आले होते आप्पा. त्यांचां काय सांगताव मला?"

विठू आतापर्यंत एक शब्द बोलला नव्हता. तसाही तो अबोल माणूस. तो पुढे आला आणि म्हणाला, "जा तू. दोन दिस भात मी रांधीन." आणि वर, "जळला तर खाईन."

दोन दिवस ती रत्नागिरीच्या जेलमध्ये राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी दरवाजा उघडला तेव्हा बाहेर हौसा आणि पंचवीस-तीस कोळणी, भंडारणी उभ्या होत्या. त्या दिवशी जेटीवर मासळीचा लिलाव दोन तास उशिरा झाला, म्हणे, कारण घ्यायला कुणी नव्हतं. राही बाहेर आली, बायकांकडे बघितलं आणि पहिल्यांदा विचारलं, "वारा कसा हाय?"

तो जास्तीचा परिच्छेद आम्ही सोडला नाही. मी त्याच्या चाळीस प्रती काढल्या. दिल्ली, मुंबई, मासेमारी खातं, आमदार, खासदार. प्रत्येक पत्राखाली आता नुसती सही असायची: राही विठू भाटकर. कागदावर मात्र ती नवऱ्याचं नाव बिनदिक्कत लिहायची. सरकारी धोरणही तोवर हळूहळू बदलत होतं. देशी यंत्रं थोडी जास्त बनायला लागली होती, किनाऱ्यावरच्या सोसायट्यांना परवाने द्यायचं ठरत होतं. तिच्यामुळे धोरण बदललं असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर तीच मला हसेल. पण अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्याआधी मिऱ्याच्या मच्छीमार सोसायटीला सहा लाँचींचा आणि एका किनारा केंद्राचा, म्हणजे किनाऱ्यावरून त्यांच्याशी बोलणाऱ्या ठाण्याचा, परवाना आला, तेव्हा त्या पत्रात संदर्भ म्हणून आमच्या अर्जाचा क्रमांक होता.

मग नवा पेच. किनारा केंद्र चालवणाऱ्याला परीक्षा द्यावी लागणार होती, मुंबईत. सोसायटीच्या चेअरमननी आपल्या पुतण्याचं नाव घातलं. राही सभेत उठली. "पुतन्याला वारा कळता काय?" चेअरमन म्हणाले, दोन दिवस जेलमध्ये बसलेल्या बाईला सरकार कशी परवानगी देईल? ती म्हणाली, "ता सरकारला इचारू. तुमी सरकार नाय."

आम्ही विचारलं. पोलिसांची चौकशी झाली, आणि त्या चौकशीच्या कागदावर शिफारस कुणाची होती, तर नागपूरच्या त्याच साहेबांची. बदली होऊन जाता जाता त्यांनी लिहून ठेवलं होतं की ही बाई यंत्रावर फालतू बोलत नाही, हे मी स्वतः महिनाभर ऐकलं आहे.

मी तिच्याबरोबर मुंबईला गेलो, कारण प्रश्न इंग्रजीत असतील अशी भीती होती. परीक्षक मराठी निघाले. त्यांनी तिला विचारलं, संकटात सापडलेली बोट बोलत असताना बाकीच्या केंद्रांनी काय करायचं?

"तोंड बंद ठेवायचां," राही म्हणाली.

ती पास झाली.

पुढे बरीच वर्षं ते केंद्र तिनंच चालवलं. सोसायटीच्या कचेरीतून नव्हे, घरातूनच, कारण खालून आवाज पोचत नाही हे तिनं सगळ्यांना दाखवून दिलं. दर वर्षी तपासणीला एक इन्स्पेक्टर यायचा. एका वर्षी नवाच माणूस आला. कागद बघितले, यंत्राचा नंबर ताडून बघितला, आणि मग अंगणात येऊन वर बघत म्हणाला, "बाई, ही एरियलची काठी मंजूर उंचीपेक्षा दोन फूट जास्त दिसते."

राही वडे तळत होती. हात पुसत बाहेर आली. घराच्या मागून शिडी ओढून आणली, काठीला टेकवली आणि मोजपट्टी त्याच्या हातात दिली.

"चढा," ती म्हणाली. "मोजा आनि जास्त असली तर कापा. पन कापल्यावर दुपारी तीनपर्यंत इथंच बसा. सहा लाँची बोलतील, त्यांना तुमीच सांगा, का ऐकू येत नाय ता."

तो शिडीच्या पहिल्या पायरीवर उभा राहिला. वर बघितलं, खाली समुद्राकडे बघितलं. मग उतरला, फाइल मांडीवर घेऊन ओटीवर बसला आणि उंचीच्या रकान्यात लिहिलं, 'योग्य.'

"वडे खाताव काय?" राहीनं विचारलं.